माझ्या मढ्याला धोतर नेसवू नये

मी, पूर्णिमा जयाबाई निपाणीकर, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा नाटकात काम करणे व गाणे, राहणार तंबाखूच्या जुन्या वखारींमागची गल्ली, निपाणी, जिल्हा बेळगाव, आज बेळगावात माझ्या वकीलबाईंच्या ऑफिसात बसून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवते ते येणेप्रमाणे. माझे डोके ठिकाणावर आहे. मूत्रपिंडे ठिकाणावर नाहीत, म्हणून घाई. मंगळवारी आणि शनिवारी मला डायलिसिसच्या मशीनला लावतात, त्या दोन दिवशी मी कुणालाही शिव्या देते, म्हणून हा कागद मुद्दाम शुक्रवारी केला. मला कोणी धमकी दिलेली नाही आणि गोड बोलून फसवलेलेही नाही. गोड बोलणारे केव्हाच पांगले.

अक्षर माझेच आहे. तीस वर्षे नाटकांच्या नकला उतरवून काढल्या, त्यामुळे ते वळणदार आहे आणि खाडाखोड कमी आहे. नोंदणीसाठी कन्नड तर्जुमा वकीलबाईंनी जोडला आहे. दोन्हीत फरक निघाला तर हा मराठी कागद खरा धरावा, कारण माझा राग मराठीत आहे.

कलम १. नाव. माझे जन्माचे नाव रवळू. बेळगुंदीचे शेतकरी कै. नागाप्पा शिनोळकर, ज्यांना आम्ही आप्पा म्हणत होतो, त्यांचा धाकटा मुलगा म्हणून मी वाढले. हे नाव कायद्याला लागते म्हणून लिहिले, मला लागत नाही. आधार कार्डावर, बँकेत आणि दवाखान्याच्या फायलीवर पूर्णिमा आहे. बापाच्या नावाच्या जागी जयाबाई आहे. ती कोण, ते पुढे येईल.

कलम २. देह. वकीलबाई म्हणाल्या, आधी घरदार लिहा, देह ही मिळकत होत नाही आणि त्याबद्दलची इच्छा पाळायला कायदा कोणाला भाग पाडत नाही. मी म्हटले, मग तेच आधी लिहिते, निदान वाचले तरी जाईल.

मी मेल्यावर मला हिरवी शहापुरी साडी नेसवावी. ती पत्र्याच्या ट्रंकेत सगळ्यात वर, वर्तमानपत्रात गुंडाळलेली आहे. वडगावच्या साड्या विणणाऱ्या एका मागवाल्याने माझे नाटक पाहून ती मला दिली होती, आणि ती मी एकदाही अंगाला लावलेली नाही. हातात हिरव्या बांगड्या, कपाळाला कुंकू, गळ्यात देवीचे मोती. केस कापू नयेत. ते विरळ झाले आहेत, म्हणून गंगावन लावावे. गालावर खुंट आलेले असतील तर शेजारच्या बायाक्काने आधी ते काढावेत. बायाक्का विडी वळणारी बाई आहे, तिचा हात हलका आहे, आणि मी आजारी असताना हे काम तिने दोनदा केले आहे. कोणत्याही परिस्थितीत, कोणीही, कोणाच्याही सांगण्यावरून मला धोतर नेसवू नये.

कलम ३. वरील कलमाचे कारण. जयाबाई बोरगावची जोगती, देवीला सोडलेली. जन्माला माझ्यासारखीच आली होती, मुलगा म्हणून. मंगळवारी आणि शुक्रवारी परडी घेऊन जोगवा मागत ती निपाणीला यायची. मी तेव्हा अठरा वर्षांची होते, घरातून पळून येऊन वखारीत तंबाखू चाळायचे काम करत होते आणि कामावरच्या बायकांबरोबर गात होते. तिने दारातून माझा आवाज ऐकला आणि परडी खाली ठेवून गाणे संपेपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, "ह्यो आवाज धुळीत ठेवू नगंस. चल माझ्यासंगं." मी गेले. तिने मला चौंडक्यावर गायला शिकवले, साडी नेसायला शिकवले, मोती बांधले आणि आपले नाव दिले. अठरा वर्षे मी तिच्या हातचे खाल्ले.

दोन हजार तीन साली जयाबाई वारली. तेव्हा तिच्या जन्मगावाहून जीप भरून तिचे भाऊ आणि पुतणे आले. मी तिच्याकडे होते त्या सगळ्या वर्षांत त्यांच्यातले एक माणूस फिरकले नव्हते. त्यांनी साडी सोडली, मोती तोडले, धोतर नेसवले. मग डोके भादरायचे ठरले, तर न्हावी यायला तयार होईना. एकजण म्हणाला, "कात्री हाय काय कुणाकडं?" दारात आम्ही सातआठ जणी होतो, सगळ्या खाली बघत होत्या.

कात्री मी आणून दिली. माझ्या नाटकाच्या पेटीतली. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेले नाही. मला वाटले, दिली नाही तर विचारतील तू कोण, आणि मग माझीही साडी सोडतील. तिचे कमरेपर्यंतचे केस त्यांनी बसून सावकाश कापले आणि सुपात भरले. सरणाजवळ त्यांनी जे नाव घेऊन हाक मारली ते नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. मी त्या सरणाला नमस्कारसुद्धा केला नाही, कारण तिथे कोण जळत होते ते मला कळेना.

ज्याला हे मृत्युपत्र मोडावेसे वाटेल त्याने हे कलम पुन्हा वाचावे.

कलम ४. घर. निपाणीतले दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढे घर माझ्या कमाईचे आहे. मागची खोली आणि स्वयंपाकघर बायाक्काला द्यावे. तिचा मुलगा तिला पुण्याला नेतो म्हणून गेली नऊ वर्षे सांगतो आहे. तो न्यायला आलाच तर तिने जाऊ नये.

पुढची खोली बायाक्काने जत्रांच्या दिवसांत गावोगावी नाटकाला जाणाऱ्या लेडीजसाठी राखावी. ज्यांना ही पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या सीमाभागात गावच्या जत्रेला गावातली पोरे नाटक बसवतात. महिनाभर तालमी चालतात, हिरो, व्हिलन, म्हातारा सगळे गावातले. फक्त बाई बाहेरून, बिदागी ठरवून. तिला लेडीजच म्हणतात. ती नाटकाच्या दिवशी दुपारी एसटीने उतरते, अनोळखी पोरांबरोबर एकदा तालीम करते, आणि रात्री त्यांची बायको, बहीण, आई जे असेल ते होते. हिरोने तोपर्यंत परक्या बाईचा हात धरलेला नसतो. माझे कित्येक हिरो मला चिकटून उभे राहायच्या प्रवेशात घामाने भिजून गेले, आणि एकजण तर आपले वाक्य सोडून माझेच वाक्य म्हणाला. मी त्याचे म्हटले. प्रेक्षकांना काही कळले नाही.

नाटक संपले की हिरो आपल्या घरी झोपायला जातो. लेडीजला शाळेचा व्हरांडा. ही खोली त्यासाठी आहे. येणारी बाई जन्माची बाई आहे की माझ्यासारखी, हे बायाक्काने विचारू नये. तिने मलाही विचारले नव्हते.

कलम ५. ओटी. नाटक झाल्यावर गावातल्या बायका स्टेजवर येऊन लेडीजची खणानारळाने ओटी भरतात. शंभरावर गावांत माझी ओटी भरली गेली. मराठीत काम केले, कन्नडमध्येही केले, खानापूरपासून अथणीपर्यंत. एका गावात ओटी भरून झाली होती, इतक्यात मागून कोणीतरी कोणाच्या तरी कानाला लागले. पाटलीणबाई परत आल्या आणि माझ्या पदरातला नारळ उचलून घेऊन गेल्या. माइक चालू होता, समोर सगळे गाव बसले होते. मी पदर तसाच धरून उभी राहिले, कारण सोडावा कसा ते सुचेना. गावाचे नाव लिहीत नाही. दुसऱ्या वर्षी त्याच पोरांनी पुन्हा बोलावले, आणि मी गेले. जत्रेचा हंगाम चार महिन्यांचा असतो आणि पोट बारा महिन्यांचे.

तो खण मात्र पदरातच राहिला होता. तो ट्रंकेत आहे. तो जाळून टाकावा.

कलम ६. सिनेमा. चौदा वर्षांमागे बेळगावात सिनेमावाले आले. गाणारी हवी म्हणून मला बोलावले. पोहोचल्यावर कळले की गाडीवाल्यांकडून टाळ्या वाजवून पैसे मागायचे काम आहे. मी दिग्दर्शकांना सांगितले की आम्ही जोगती, आमच्यात टाळी वाजवून मागत नाहीत, चौंडके वाजवतात. ते म्हणाले, लोकांना टाळीच कळते. टाळी कशी वाजवायची ते त्यांनी मला स्वतः करून दाखवले, आणि चांगली वाजवली. मी दिवसभर उन्हात ती वाजवली. पुढे थेटरात जाऊन बघते तो माझ्या तोंडातून एका बाप्याचा घोगरा आवाज निघत होता. माझा आवाज त्यांना फार बायकी वाटला होता. थेटर हसले. शेजारी बसलेली बायाक्का हसली नाही.

त्या दिग्दर्शकांना माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. त्यांनी मागितलेले नाही, तरी लिहून ठेवते.

कलम ७. सुबराव. सुबराव हंचिनाळकर हे पेटीवाले आणि तालीम मास्तर. माझ्या गाण्याला सव्वीस वर्षे पेटी त्यांची. आवाज कुठे फाटणार हे मला कळायच्या आत त्यांना कळायचे आणि ते सूर खाली घ्यायचे. त्यांना बायको आहे, मुले आहेत, ती चांगली आहेत. एसटीत ते पुढच्या सीटवर बसायचे आणि मी मागे. स्टँडवर उतरल्यावर ते माझी नाटकाची पेटी उचलायचे नाहीत, कोणी बघेल म्हणून. व्हरांड्यात मात्र माझ्या अंगावर स्वतःचे पांघरूण घालून पहाटे निघून जायचे. याला काय म्हणतात ते मी त्यांना एकदा विचारले. "नाव ठिवायला कशाला पायजे," म्हणाले. मला त्यांचा फार राग आहे, आणि त्यांच्याइतके मी कोणावर प्रेम केले नाही.

वकीलबाई म्हणतात की साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये. सुबराव आज पहिले साक्षीदार आहेत. म्हणून त्यांना काही मिळत नाही. आम्हा दोघांना त्याची सवय आहे.

कलम ८. ऋतिका. ऋतिका ही माझे थोरले भाऊ भरमू अण्णा यांची धाकटी मुलगी, वय पंचवीस. मी जिथे मशीनला जाते तिथे ती रक्त तपासायच्या विभागात नोकरी करते. दोन वर्षांमागे माझे रक्त काढताना फायलीवर तिने वाचले, माहेर बेळगुंदी. मीच लिहायला लावले होते. म्हणाली, मी पण बेळगुंदीची, तुम्ही कुणाच्या? मी आप्पांचे नाव सांगितले. ती म्हणाली, ते तर माझे आजोबा, त्यांना मुलगी नव्हती. मग तिची सुई हातात तशीच राहिली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले, आणि बहुतेक तिला तिच्या बापाचे नाक दिसले.

पुढच्या मंगळवारी ती डबा घेऊन आली आणि मला आत्ती म्हणाली. त्यानंतर एकही मंगळवार चुकलेला नाही. घरी सांगितलेले नव्हते, ते मीच सांगू नको म्हटले होते. बँकेत जे काही असेल त्यातून माझ्या लाकडांचा खर्च करावा आणि उरेल ते, तसेच दागिने, ऋतिकाला द्यावेत. गाण्याच्या वह्याही तिलाच. तिला गाता येत नाही. वह्या नीट ठेवता येतात.

कलम ९. बेळगुंदीची जमीन. पंधराव्या वर्षी गावच्या जत्रेत ठरलेली लेडीज आली नाही, तिची गाडी वाटेत बंद पडली. पोरांनी मला आईची साडी नेसवून उभे केले. मी नायिकेचे सगळे काम केले, पाठ कोणाचेच नव्हते एवढे माझे होते. गाव खूश झाले. आप्पाही पहिल्या रांगेत हसत होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी साडी सोडली नाही, तेव्हा आप्पांनी बैलाच्या चाबकाने मारले. त्यानंतर दोन वर्षे मी त्या घरात होते आणि रोज काही ना काही कारणाने मारच खात होते. मग निपाणी.

सन एकोणीसशे शहाण्णवमध्ये आप्पा वारले. मला कोणी कळवले नाही. जमिनीला आईखेरीज दोन वारस होते. भरमू अण्णांनी प्रतिज्ञापत्र केले की धाकटा भाऊ रवळू हा मुंबईस अविवाहित व निपुत्रिक मयत झाला, आणि सगळा उतारा स्वतःच्या नावावर करून घेतला. गावात कोणी शंका घेऊ नये म्हणून त्यांनी माझे दिवसही केले. पिंड ठेवला. हे मला ऋतिकाने सांगितले, आणि तिला तिच्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, मरायच्या आधी सांगितले होते. दुपार टळली तरी कावळा शिवेना. लोक म्हणू लागले, पोराची इच्छा राहिली आहे. अण्णांनी हात जोडून पिंडासमोर काय काय कबूल केले. आई मागे बसली होती, ती हळूच म्हणाली, "जित्याच्या पिंडाला कावळा कसा शिवंल?" अण्णांनी तिला घरात नेले. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

म्हणजे आईला ठाऊक होते. ती आणखी एकवीस वर्षे जगली आणि निपाणी काही परदेशात नाही. तिच्याबद्दल मला यापुढे काही लिहायचे नाही.

त्या प्रतिज्ञापत्राची आणि उताऱ्याची नक्कल वकीलबाईंनी काढली आहे, ती या कागदाला जोडली आहे.

कलम १०. भरमू अण्णांचे येणे. गेल्या आषाढात अण्णा माझ्या दारात आले. एकेचाळीस वर्षांनी. त्यांचा मुलगा नागेंद्र याच्या बायकोची दोन बाळंतपणे वाया गेली, म्हणून त्यांनी देवाला कौल लावला होता. कौलात निघाले की घरचा एक माणूस बाहेर आहे, त्याचे खोटे दिवस केले आहेत, त्याला घरच्या शेतात अग्नी दिल्याशिवाय घराला सुख नाही. घाबरून त्यांनी घरात सगळ्यांना विचारले, तेव्हा ऋतिकाने माझा पत्ता दिला.

मी चहा केला. ते म्हणाले, "तुला घरला न्यायला आलोय रं."

मी वेडी, मला वाटले खरेच. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "आत्ता न्हवं. मागनं."

"मागनं म्हंजे कवा?"

"तुझं सगळं झाल्यावर. देवानं सांगितलंय. धोतर, टोपी, सगळं नवं आणून ठेवलंय बघ. काय कमी पडू देणार न्हाय."

मी म्हटले, "अण्णा, रवळूला तर तुमी शहाण्णव सालीच मारलंय."

ते जमिनीकडे बघत म्हणाले, "कागदावर रं. कागदावर मारलं म्हणून माणूस मरतंय व्हय?"

मी त्यांना सांगितले की मी येते, पण साडीत. पूर्णिमा म्हणून, घरची लेक म्हणून माझे करा. शेत तुमचेच राहू दे. त्यांचे हात आप्पांसारखे झाले आहेत, त्याकडे मी बघत होते. मग म्हणाले, "गावात काय सांगू?" आणि उठले.

त्यानंतर नागेंद्र दवाखान्यात येऊन नातेवाईक म्हणून आपला फोन नंबर लिहून गेला, म्हणजे मी गेले की आधी त्यांना कळेल. म्हणजे जीप तयार आहे. म्हणून हा कागद.

कलम ११. वकीलबाईंनी अण्णांना बोलावून समजावले ते असे. रवळू जिवंत आहे असे म्हणायचे असेल तर त्याची निम्मी जमीनही जिवंत आहे, खोटे प्रतिज्ञापत्र केल्याचा दावा होईल, आणि ती निम्मी जमीन या मृत्युपत्राने ऋतिकाकडे जाईल. रवळू मेला आहे असे म्हणायचे असेल तर जमीन त्यांची, पण मग मेलेल्या भावाचे मढे दवाखान्यात मागायला येता येणार नाही. अण्णांनी विचारले की यात देवाचे काय. वकीलबाई म्हणाल्या, माझे शिक्षण तेवढे झालेले नाही.

कलम १२. नात्याचा रकाना. माझ्या विनंतीवरून भरमू अण्णा आज दुसरे साक्षीदार म्हणून सही करायला आले आहेत, आणि मी हे लिहिते आहे तेव्हा बाहेरच्या बाकावर बसले आहेत. साक्षीदाराच्या नावाखाली मृत्युपत्र करणारीशी नाते असा एक रकाना मी रिकामा ठेवला आहे. मी त्यांची कोण, ते लिहून तो त्यांनी स्वतःच्या हाताने भरायचा आहे. कलम अकरा आणि बारा वकीलबाई त्यांना सहीआधी मोठ्याने वाचून दाखवतील.

त्यांनी भाऊ असे लिहिले, तर कलम अकराप्रमाणे निम्म्या जमिनीचा दावा लागेल, आणि तरीही देह मिळणार नाही.

त्यांनी बहीण असे लिहिले, तर त्या जमिनीवरचा माझा सगळा हक्क मी कायमचा सोडते. वकीलबाई म्हणतात, हे देणे नव्हे, सोडणे आहे, म्हणून साक्षीदार असले तरी चालते. त्यांनी मला बेळगुंदीला न्यावे, हिरव्या साडीत, पूर्णिमा या नावाने, आणि घरच्या शेतात स्वतः अग्नी द्यावा. दिवस करावेत, पुन्हा एकदा. शेत त्यांचे राहील, देवाचा शब्द पाळला जाईल, नागेंद्रचे घर मार्गी लागेल. यात त्यांचे काहीच जात नाही. गावात चार दिवस बोलतील तेवढेच.

त्यांनी काही नाही असे लिहिले, तरीही जमिनीवरचा माझा हक्क मी सोडते. मग देहाशी त्यांचा किंवा नागेंद्रचा संबंध राहणार नाही, दवाखान्याने या कागदाप्रमाणे मला बायाक्का आणि ऋतिका यांच्या ताब्यात द्यावे, आणि ऋतिकाने निपाणीत अग्नी द्यावा.

वकीलबाईंनी विचारले की तिन्हीत तुमचे नुकसान कमी कशात आहे. खोटे कशाला बोलू, मला बेळगुंदीच्या शेतात जळायचे आहे. विहिरीच्या अंगाला, जिथे मी लहानपणी बांधावर बसून गात होते. निपाणीने मला सगळे दिले, पण मला तिथे मरायचे नाही. अण्णांनी तो एक शब्द लिहावा म्हणून मी आज काजळ घालून आले आहे. मशीनने माझे हात सुजले आहेत, तरी सकाळी बांगड्या चढवल्या. साबण लावून ऋतिकाने चढवल्या आणि माझी दोन बोटे सोलली. त्यांनी मला नीट बघावे एवढीच इच्छा होती. मघाशी जिन्यावर भेटले तेव्हा त्यांनी बघितले नाही, पण तिथे अंधार होता.

कलम १३. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. यात बदल करावा लागला तर मी जिवंत असेपर्यंतच करता येईल, म्हणून ज्यांना काही सांगायचे असेल त्यांनी मंगळवार-शनिवार सोडून लवकर यावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाई आणि ऋतिका यांनी करावी. वरचा सगळा मजकूर मी लिहिला, दोनदा वाचला आणि तो माझा आहे.

मृत्युपत्र करणारी
(सही) पूर्णिमा जयाबाई निपाणीकर

आम्हा दोघांसमक्ष वरील बाईंनी सही केली आणि त्यांच्यासमक्ष आम्ही केली.

साक्षीदार पहिला
(सही) सुबराव धोंडिबा हंचिनाळकर, वय सहासष्ट, धंदा पेटीवादन, राहणार निपाणी
मृत्युपत्र करणारीशी नाते: सव्वीस वर्षे साथ केली

साक्षीदार दुसरा
(सही) भरमू नागाप्पा शिनोळकर, वय चौसष्ट, धंदा शेती, राहणार बेळगुंदी
मृत्युपत्र करणारीशी नाते: काही नाही

दुसऱ्या साक्षीदाराने रकाना भरायला वेळ घेतला नाही. त्यांना गावची बस गाठायची होती, म्हणून ते थांबले नाहीत. मी रकाना वाचला आहे. जमीन त्यांची झाली. मला अग्नी ऋतिका देईल.

(सही) पूर्णिमा
स्थळ: बेळगाव
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५